घरच्यांचा रोज कुणी धरायचा

फार्म मॅनेजमेंटच्या प्रॅक्टिकलच्या वहीत पिकाच्या उत्पादन खर्चाचा तक्ता असतो. वर बियाणं, खत, औषधं, नांगरट, मजुरी, पाणीपट्टी, लाईटबिल हे सगळं ओळीने येतं आणि खाली बरंच खाली गेल्यावर एक ओळ येते, कौटुंबिक मजुरी. म्हणजे घरच्या माणसांनी शेतात जे काम केलं त्याचा रोज. हा रोज कुणी कुणाला दिलेला नसतो, पण दिला असता तर किती झाला असता ते तिथे लिहायचं. कृषी कॉलेजात चार वर्षांत मी जे काही शिकले त्यातली ही एक ओळ माझ्यासोबत घरी आली आणि अजून घरातच आहे, म्हणून आज तिच्याबद्दल सविस्तर लिहितेय.

आधी थोडं सांगते. आम्ही निफाड तालुक्यातले, कांदा आणि थोडी सोयाबीन, गहू. बारावीनंतर सीईटी दिली आणि ॲग्री बिझनेस मॅनेजमेंटला ॲडमिशन घेतली, ज्याला आम्ही सगळे एबीएम म्हणतो. घरात कुणाला नीट कळलं नव्हतं की नक्की कशाची डिग्री. ॲग्री म्हटलं की लोकांना कळतं, पोरगी कृषी अधिकारी होणार. बिझनेस मॅनेजमेंट म्हटलं की पुढचा प्रश्न, मग दुकान टाकणार का खताचं? नाना (म्हणजे माझे वडील) एवढंच म्हणाले की जे शिकशील ते पूर्ण शिक, अर्ध्यात सोडू नको.

पहिल्या वर्षी तर मातीशास्त्र, वनस्पतीशास्त्र, हवामान असंच सगळं. खरी मजा तिसऱ्या वर्षी आली. घटत्या उत्पादनाचा नियम शिकवला तेव्हा वर्गातली निम्मी पोरं हसली, कारण एकरी खताची चौथी गोणी टाकल्यावर कांद्याला काय फरक पडतो हे प्रत्येकाच्या घरी माहीत असतं, फक्त त्याला आलेखावर वक्ररेषा असते हे माहीत नव्हतं. आंशिक अंदाजपत्रक, घसारा, संधी खर्च, ब्रेक इव्हन, हे शब्द परीक्षेपुरते पाठ करून सोडून देणारे पण होते, त्यात मी पण काही विषयांना होतेच. पण खर्चाच्या संकल्पना सुरू झाल्या आणि मी पुढच्या बाकावर जाऊन बसायला लागले.

ए-1, ए-2, बी-1, बी-2, सी-1, सी-2, सी-3. ऐकायला रुक्ष. पण एकेक उलगडत गेलं की कळतं हे किती मोठं भांडण आहे. ए-1 म्हणजे खिशातून प्रत्यक्ष गेलेला खर्च, त्यात अवजारांचा घसारा आणि खेळत्या भांडवलावरचं व्याज. जमीन खंडाने घेतली असेल तर त्याचा खंड मिळवला की ए-2. त्यात घरच्यांची मजुरी (फॅमिली लेबर, म्हणजे एफएल) मिळवली की ए-2 अधिक एफएल. आणि स्वतःच्या जमिनीचा खंड (म्हणजे तीच जमीन दुसऱ्याला दिली असती तर काय आलं असतं) आणि स्वतःच्या भांडवलावरचं व्याज धरलं की सी-2. स्वामिनाथन आयोगाने खर्चावर 50 टक्के वाढवून हमीभाव द्या म्हटलं, तेव्हापासून हेच भांडण चालू आहे की कोणत्या खर्चावर. सरकार 2018 पासून दीडपट देतो म्हणतं ते ए-2 अधिक एफएलवर, शेतकरी संघटना म्हणतात सी-2 वर द्या. टीव्हीवर हे सगळं फक्त आकड्यांची ओरड वाटते, वर्गात फळ्यावर पाहिलं तेव्हा मला कळलं की या दोन आकड्यांमधला फरक म्हणजे आमची जमीन. ती आहे म्हणून फुकट धरायची की तिचं काही मोल धरायचं, एवढाच तो प्रश्न.

आणि कांद्याला तर हमीभावच नाही, त्यामुळे आमच्याकडे कुणी कोणताच खर्च धरत नाही ही गोष्ट वेगळी.

या संकल्पना कुठून आल्या ते आमच्या सरांनी फार छान सांगितलं होतं. 1954-55 ला देशात पहिल्यांदा फार्म मॅनेजमेंट स्टडीज झाल्या, निवडक जिल्ह्यांत गावोगाव जाऊन शेतकऱ्यांच्या घरी वर्षभर हिशोब लिहिले गेले. तेव्हाच्या मुंबई राज्यातून जे दोन जिल्हे निवडले होते ते होते नाशिक आणि अहमदनगर. म्हणजे देशाच्या शेतीखर्चाचा हिशोब कसा मांडायचा हे ज्या घरांवरून ठरलं त्यात आमच्या जिल्ह्यातली घरं होती! वर्गात हे ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता खरंच. पुढे 1962 मध्ये अमर्त्य सेन यांनी याच स्टडीजचे आकडे घेऊन एक छोटा लेख लिहिला. त्यात त्यांनी म्हटलं की घरच्या मजुरीला बाजारभावाने पैसे लावले तर भारतातली बरीचशी शेती तोट्यात दिसते. आणि दुसरं असं की लहान शेतकऱ्याचं एकरी उत्पादन मोठ्यापेक्षा जास्त निघतं. या दोन गोष्टी एकत्र वाचल्या की लहान शेतकऱ्याच्या घरात काय चालतं ते समोर दिसतं. लहान रान, त्यात घरातली सगळी माणसं राबतात, एकही ओळ मोकळी सोडत नाहीत, म्हणून एकरी पीक जास्त येतं, आणि त्याच राबण्याचा रोज लावला की हिशोब तोट्यात जातो.

त्याच्याही आधीची एक गोष्ट. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य होते हॅरॉल्ड मान. त्यांनी पिंपळे सौदागर या गावाचा घरोघर, वावरोवावर अभ्यास केला आणि तो 1917 ला छापला. जमिनीचे किती तुकडे झालेत, कर्ज किती, आणि गावातल्या किती घरांचं नुसत्या शेतीवर भागतच नाही, हे सगळं त्यात होतं. आता पिंपळे सौदागरला जा, टॉवर आणि मॉल आहेत, आयटीतली माणसं राहतात. माझी मावसबहीण तिथेच भाड्याने राहते, तिला मी हे सांगितलं तर तिला खरंच वाटेना की तिच्या सोसायटीखालच्या जमिनीचा कुणी एवढा बारीक हिशोब लिहून ठेवलाय.

असो. हे सगळं शिकणं एकीकडे. ती ओळ खऱ्या अर्थाने समजली ती रावेच्या वेळी.

रावे म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभव, शेवटच्या वर्षी पोरापोरींना गावात पाठवतात. कृषिदूत आणि कृषिकन्या. ज्यांनी केलंय त्यांना माहितीये, पांढरा टीशर्ट, टोपी, हातात बॅनर, बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक, माती नमुना कसा घ्यावा त्याचं प्रात्यक्षिक, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. त्या फोटोंपायी बराच वेळ जातो हे माझं प्रामाणिक मत आहे. पण रावेतच एक सर्व्हेचा फॉर्म असतो, शेतकऱ्याच्या घरी बसून त्याच्या एका पिकाचा पूर्ण खर्च भरून आणायचा. बऱ्याच जणी हा फॉर्म चौकात पारावर बसून उरकतात. आमच्या गटाने ठरवलं की घरात जाऊनच भरायचा.

एका घरी ओसरीवर बसलो. काका खाटेवर, आम्ही सतरंजीवर. मी विचारलं, काका खुरपणीला किती बाया लागल्या? ते म्हणाले, लागल्या असतील दहा. तेवढ्यात आतून आवाज आला, "दहा कुठल्या, चौदा व्हत्या, आन दोन दिवस." मी लिहिलं चौदा, दोन दिवस. मग लागवड. काका म्हणाले उक्ती (सगळ्या कामाचे ठरवून पैसे) दिली होती टोळीला. आतून, "अर्धीच उक्ती दिली, खालचं वावर आपण लावलं घरच्या घरी." काका जरा गप्प झाले. मग मी खत विचारलं, फवारणी विचारली, प्रत्येक ठिकाणी आतून दुरुस्ती. शेवटी त्या काकू भाकरी थापता थापता पिठाच्या हातानेच बाहेर येऊन उंबऱ्यावर बसल्या आणि पुढचा सगळा फॉर्म त्यांनीच सांगितला. रोपाला कोणत्या दिवशी पाणी दिलं, काढणीला कोणाकडच्या बाया आल्या, त्यांतल्या कोणाला उचल दिलेली होती, किती वजा झाली, सगळं तोंडपाठ. काका मान हलवत होते, बरोबर आहे, बरोबर आहे, तिलाच माहीत असतं ते.

मग ती ओळ आली. मी विचारलं, काकू तुम्ही स्वतः किती दिवस काम केलं वावरात? त्यांना प्रश्नच कळला नाही. म्हणजे बहिरेपणाने नाही, प्रश्नाचा अर्थच लागेना. "मी? मी तर रोजच असते की." मी म्हटलं, रोज म्हणजे किती दिवस धरू? तर म्हणाल्या, "ते काय धरायचं, घरचंच हाय." आणि परत चुलीकडे गेल्या. चौदा बायांचे दोन दिवस त्यांना पाठ होते आणि त्या चौदा बायांच्या पुढे पंधराव्या सरीला त्या स्वतः होत्या ते मात्र मोजण्यातच नव्हतं.

त्या दिवाळीला घरी गेले तेव्हा आईला समोर बसवलं. नानांना म्हटलं, मागच्या उन्हाळ कांद्याचा एका एकराचा पूर्ण हिशोब मांडायचाय, दोघंही बसा. नानांकडे एक डायरी होती, त्यात दुकानाची उधारी, ट्रॅक्टरवाल्याचे पैसे आणि बाजार समितीच्या हिशोबपट्ट्या घडी घालून ठेवलेल्या. आईकडे भिंतीवरचं कॅलेंडर होतं. दुधाचा हिशोब त्याच्यावर लिहितात तसं आमच्या आईचा मजुरांचा हिशोब पण त्याच्यावरच. तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात, लागवड 12, खुरपणी 9, कोणाच्या नावापुढे फुली म्हणजे ती अर्ध्या दिवसाने गेली. चौकोनात जागा संपली की शेजारच्या एकादशीवर. मी जानेवारीपासूनची पानं उलगडत गेले. बाहेरून आलेली एकही बाई सुटलेली नव्हती. आणि आईची स्वतःची एकही खूण नव्हती.

मग आम्ही आठवून आठवून लिहिलं. उळे (कांद्याचं बी) टाकायच्या वेळेस वाफे करणं. रोप निंदणं. लागवडीला टोळीच्या मागे राहून खाडे भरणं. पाण्याची पाळी, ती पण लाईट रात्रीची असली तर नानांच्या सोबत बॅटरी धरून. काढणी, पात कापणं, जोडकांदा आणि डेंगळे वेगळे काढणं, गोल्टी (बारीक कांदा) वेगळी, चाळ (कांदा साठवायची) भरणं. आईचे ढोबळ तीसेक दिवस निघाले, नानांचे पण तेवढेच. गावात तेव्हा बाईचा रोज 300 आणि गड्याचा 400 होता. आई 9 हजार, नाना 12 हजार.

हिशोब असा आला. खिशातून गेलेला खर्च एकरी 65 हजारांच्या आसपास. कांदा निघाला 100 क्विंटल. म्हणजे क्विंटलला 650. विकला सरासरी 900 ने. 90 हजारांतून 65 गेले, 25 हजार राहिले. नाना इतकी वर्षं ह्यालाच नफा म्हणत आले होते आणि गावातले सगळेच म्हणतात. मग मी खाली घरची मजुरी 21 हजार लिहिली. मग आमच्याच जमिनीचा त्या हंगामाचा खंड, 18 हजार. मग पाईपलाईन, मोटार, चाळ यांच्या भांडवलावरचं व्याज, चारेक हजार. बेरीज 1 लाख 8 हजार. म्हणजे क्विंटलला 1080 पडला आणि 900 ने विकला. एकरी 18 हजार तोटा.

नाना बराच वेळ त्या कागदाकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे आपल्या दोघांची मजुरी निघाली आणि वावर फुकट वापरलं." मी म्हटलं हो, बरोबर तसंच. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला यापेक्षा नीट सांगता आलं नसतं. आणि आई म्हणाली, "मला 9 हजार आले होते का मग? दिसले नाहीत कधी." ती हे तक्रार म्हणून म्हणाली नव्हती, तिला खरंच कुतूहल होतं.

आता लोक म्हणतात (आणि आमच्याच नातेवाईकांपैकी दोघांनी तोंडावर म्हटलंय) की हे असलं लिहून शेतकरी अजून खचतो, माहीत नव्हतं तेच बरं होतं. मला हे अजिबात पटत नाही. शेतकरी संघटना उभी करणारे शरद जोशी संयुक्त राष्ट्रांच्या पोस्टल युनियनमधली स्वित्झर्लंडची नोकरी सोडून आले, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन स्वतः कसायला लागले आणि स्वतःच्या शेतीचा हिशोब त्यांनी लिहिला. शेती कितीही मन लावून केली तरी तोट्यातच का जाते हे त्यांना त्या हिशोबातून दिसलं, आणि त्यातूनच ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ आलं, उत्पादन खर्चावर आधारित भाव ही मागणी आली. चाकणच्या कांद्यापासून ते आंदोलन पेटलं आणि आमच्या नाशिक जिल्ह्यात येऊन केवढं मोठं झालं ते आजही म्हातारी माणसं सांगतात. म्हणजे हिशोब लिहिणारा माणूस खचतो असं नाही, तो बोलायला उभा राहतो.

आणि व्यवहारातही हिशोबाने निर्णय बदलतात. दोन उदाहरणं देते कारण यावर फार चुकीचं बोललं जातं. एक, कांदा चाळीत ठेवायचा की लगेच विकायचा. एप्रिलमध्ये 1000 चा भाव आहे, ऑगस्टमध्ये 1300 झाला तर आपण म्हणतो वा, 300 कमावले. पण चाळीत 100 क्विंटल घातला आणि वजनघट, सड, काजळी, मोड हे सगळं जाऊन बाहेर 70 निघाला तर नुसतं बरोबरीत यायलाच भाव 1430 च्या वर पाहिजे. शिवाय निवडायची मजुरी आणि मधल्या काळात सोसायटीचं नवं-जुनं (जुनं कर्ज फेडून नवं घेणं) करायला बाहेरून पैसे उचलले असतील तर त्याचं व्याज वेगळं. आमच्या घरात आता चाळ भरताना हा आकडा चाळीच्या खांबावर खडूने लिहिलेला असतो. त्याचा अर्थ चाळ भरू नये असा नाही, भरावीच, पण किती भावापर्यंत थांबायचं ते आधी ठरवून.

दुसरं, उभ्या कांद्यात रोटर फिरवणं, म्हणजे ट्रॅक्टरने पीक मातीतच गाडणं. टीव्हीवर ते दृश्य आलं की शहरातली माणसं म्हणतात नाटक आहे, एवढा खर्च केलाय तर विकून मिळतील ते घ्यावेत ना. पण लागवड, खत, औषध यांचा पैसा तर गेलेलाच असतो, कांदा काढला तरी गेला, नाही काढला तरी गेला. त्या क्षणी प्रश्न फक्त एवढाच असतो की इथून पुढे काढणी, कापणी, गाडीभाडं, हमाली, तोलाई यांना जे लागेल तेवढं तरी विक्रीच्या पट्टीत येणार का. येणार असेल तर काढायचा. येणार नसेल तर काढणं म्हणजे स्वतःच्या खिशातून पैसे घालून दुसऱ्याला कांदा देणं. 2023 च्या फेब्रुवारी-मार्चला लाल कांद्याचं तसंच झालं होतं, चारशे-पाचशेचा भाव, त्यातही हलका माल असला तर त्याच्याही खाली. तेव्हा नाशिकहून शेतकरी मुंबईकडे पायी निघाले आणि सरकारने क्विंटलला 350 रुपये अनुदान दिलं, 200 क्विंटलच्या मर्यादेत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 40 टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरमध्ये थेट निर्यातबंदी, ती उठली पुढच्या मे महिन्यात. शुल्क पूर्ण जायला 1 एप्रिल 2025 उजाडला. अशा धोरणात कुणी कितीही चांगलं मॅनेजमेंट केलं तरी काय उपयोग, असं माझ्याच वर्गातला एक मित्र म्हणायचा आणि त्याचं म्हणणं खोडून काढायला माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं. एवढंच म्हणेन की ज्यांच्याकडे हिशोबपट्ट्या आणि सातबाऱ्यावर पिकाची नोंद नीट होती त्यांना अनुदानाला धावपळ कमी करावी लागली.

वर्गातल्या मुलांचं पुढे काय झालं हेही सांगायला पाहिजे. बरेच जण पुण्यात पेठांमधल्या अभ्यासिकेत आहेत, एमपीएससी. काही बँकेच्या एएफओच्या (कृषी अधिकारी पदाच्या) मागे, त्यातल्या दोघी लागल्या पण. काही औषध आणि बियाणे कंपन्यांचे सेल्स ऑफिसर झाले, मोटरसायकलवर दिवसभर दुकानं आणि शेतकरी, महिनाअखेर टार्गेट. एकाने डिग्रीवर कृषी सेवा केंद्राचं लायसन काढून ते दुसऱ्यालाच चालवायला दिलंय, असं करणारे खूप आहेत. कोणालाही नावं ठेवायची नाहीत मला, घरची परिस्थिती ज्याची त्याला माहीत असते. पण मॅनेजमेंट शिकलेल्या एवढ्या पोरांमध्ये स्वतःच्या घरच्या शेतीचा एका वर्षाचा पूर्ण हिशोब मांडून पाहिलेले किती, असा विचार केला की वाईट वाटतं. आम्हाला केस स्टडी दिल्या त्या कंपन्यांच्या. त्या पण पाहिजेत, सह्याद्री फार्मससारखी शेतकऱ्यांची कंपनी मोहाडीत कशी उभी राहिली हे आमच्या जिल्ह्यातल्या पोरांनी नाही शिकायचं तर कुणी. पण पहिली केस स्टडी आपल्या घरची असावी. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी जा, एका पिकाचा खर्च ए-1 ते सी-2 मांडून आणा आणि मार्क त्याला द्या. मी हे फीडबॅक फॉर्मवर लिहिलं होतं.

आता त्या ओळीबद्दलची माझी खरी कुरकुर.

तक्त्यात घरची मजुरी दोन भागांत असते, पुरुष आणि स्त्री, कारण गावात रोजच दोन असतात. मी पण तसंच लिहिलं, आईला 300 ने आणि नानांना 400 ने. नंतर मला ते खटकायला लागलं. पात कापायच्या कामात आई नानांच्या दुप्पट उरकते, हे नानाच सांगतात. मग तिचा रोज कमी का? तर गावात बाईला तेवढाच मिळतो म्हणून. म्हणजे बाजारात जो अन्याय आहे तो उचलून आपण घराच्या वहीत पण लिहितो. दुसरं म्हणजे टोळी वावरात असते तेव्हा सकाळचा चहा, दुपारचं कालवण, पाण्याचे हंडे हे सगळं आई करते. हाच चहा हॉटेलातून आणला असता तर खर्चात बिल लागलं असतं. घरी केला म्हणून शून्य. आणि तिसरं, कोणाला टोळीला सांगायचं, कोणाची उचल किती, कोणती बाई जोडकांदा चांगला निवडते, चाळीच्या कोणत्या कप्प्यातून वास यायला लागलाय, हे ठरवणं म्हणजे मॅनेजमेंट नाही तर काय आहे? सी-3 मध्ये व्यवस्थापनाचे म्हणून सी-2 च्या 10 टक्के धरतात. नानांना हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले, म्हणाले आमच्या डोक्याचे पण पैसे धरतात का! मी म्हटलं धरतात, पण त्यातले निम्मे आईचे. यावर दोन दिवस घरात चर्चा चालली होती आणि मग नानांनी मान्य केलं.

पुढच्या हंगामाला मी आईचा रोज 400 ने धरला. फरक किती पडला? एकरी 3 हजार. क्विंटलला 30 रुपये. म्हणजे कांद्याच्या खर्चाला त्याने धक्काही लागत नाही, चाळीत एका पावसात याच्यापेक्षा जास्त जातं. असं असताना तो कमी धरायचं कारण काय, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. 1986 च्या नोव्हेंबरात आमच्या शेजारच्या चांदवडला शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचं महिलांचं मोठं अधिवेशन झालं होतं. आमची आजी त्याला गेली होती, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून, हे मला मी हा हिशोब घेऊन बसले तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्यानंतर संघटनेने लक्ष्मीमुक्तीचं काम हाती घेतलं, बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून, आणि 1992 ला सरकारचं पण तसं परिपत्रक निघालं, सातबाऱ्यावर नवऱ्यासोबत बायकोचं नाव लावता येतं. आमच्या सातबाऱ्यावर आईचं नाव नाहीये अजून. नानांना विचारलं तर म्हणतात, लावू की, नाही कुठे म्हटलंय. तलाठ्याकडे अर्ज मी लिहून ठेवलाय, कांदा लागवडीच्या आधी दोघांना घेऊन जायचंय.

सध्या मी गावापासून जवळच्याच एका शेतकरी उत्पादक कंपनीत हिशोबाचं काम बघते. सभासद साडेतीनशेच्या वर, त्यात स्वतःच्या नावावर शेअर असलेल्या बायका अगदी थोड्या. कंपनीला बँकेकडून खेळतं भांडवल पाहिजे असतं आणि बँक विचारते सभासदांचा उत्पादन खर्च किती, तेव्हा सगळे माझ्याकडे बघतात. मागच्या वर्षी छापील वह्या वाटल्या, पुरुष सभासदांना. बऱ्याच कोऱ्या परत आल्या, काहींच्या पहिल्या दोन पानांवर खताची बिलं चिकटवलेली आणि पुढे काही नाही.

यंदा वही बदललीये. जाडजूड तक्ते काढून टाकले, तारखांचे चौकोन केले, कॅलेंडरसारखे, कारण मला माहितीये हिशोब कुठे लिहिला जातो ते. प्रत्येक चौकोनात बाहेरच्या बाया, बाहेरचे गडी आणि खाली घरचे कोण कोण, एवढंच. बाई आणि गडी असा वेगळा रोज नाही, कामाचा रोज. चहा-कालवणाला एक छोटी जागा. आणि वही सभासदाच्या हातात न देता घरात जाऊन त्याच्या बायकोच्या किंवा आईच्या हातात द्यायची असं संचालकांच्या मीटिंगमध्ये बोलले. एक-दोघांनी नाकं मुरडली, अध्यक्ष म्हणाले करून बघू. पहिली शंभर छापून आली आहेत. रोपं तयार होत आलीत, पंधरा दिवसांत लागवडी सुरू होतील, त्याआधी वाटून झाल्या पाहिजेत. आईला पहिली दिली काल. तिने उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, चौकोन अजून थोडा मोठा नसता का करता आला. तिचं बरोबर आहे, पुढच्या छपाईला मोठा करणार.